दात्याचं स्वादुपिंड बर्फाच्या पेटीतून नेताना गोठत नाही का? ते किती तास टिकतं?

गोठू देतच नाहीत. बर्फ थेट लागला तर पेशींत स्फटिक तयार होऊन त्या फाटतात. म्हणून अवयव थंड द्रावणात बुडवून, एकात एक घातलेल्या निर्जंतुक पिशव्यांत बांधतात आणि मग पेटीतल्या बर्फात ठेवतात. तापमान साधारण ४ अंश.

हे द्रावण म्हणजे साधं सलाईन नव्हे. थंडीत पेशी पाणी ओढून फुगतात, ते थांबवावं लागतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी १९८०च्या दशकात बनवलेल्या द्रावणातले लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे पेशीत सहज न शिरणारे मोठे रेणू नेमकं तेच काम करतात.

मूत्रपिंड २४ तासही तग धरतं, पण स्वादुपिंड शक्यतो १२ तासांच्या आत बसवतात. फार नाजूक अवयव हो! जोरात दाबलं, ओढलं तरी सुजतो, पुढे रक्ताची गुठळी होण्याची भीती. म्हणून सर्जन त्याला चिकटून असलेली प्लीहासुद्धा (स्प्लीन) सोबतच काढतात आणि उचलताना तीच हँडलसारखी धरतात, स्वादुपिंडाला हात लावणं टाळतात. प्लीहा नंतर कापून टाकतात.

आणि हे १२ तास पेटी बंद झाल्यापासून मोजत नाहीत. दात्याचा रक्तपुरवठा थांबला की घड्याळ सुरू. बसवण्याआधी बर्फाच्या भांड्यात अवयवाभोवतीची चरबी सोडवणं, रक्तवाहिन्या जोडून तयार करणं, यातच बराच वेळ जातो. त्यामुळे मुंबईत परळहून अंधेरीला पेटी न्यायची असेल तर ट्रॅफिक पोलिसांचा ग्रीन कॉरिडॉर खरोखरच लाखमोलाचा.