पडद्यावरच्या उपनगरात मुलगी राहायला निघाली आहे

«माझी मुलगी पॅरिसलगतच्या सँ-दनी येथील विद्यापीठात चित्रपटाच्या उच्च शिक्षणासाठी जाणार आहे. तिने अभ्यासासाठी जमवलेले तिकडच्या उपनगरांवरचे ‘ला एन’, ‘ले मिझेराब्ल’ आणि ‘दीपन’ हे तीन गुन्हेपट मी पाहिले आणि झोप उडाली. टोळ्या, जाळपोळ, जिन्यात उभी राहून अमली पदार्थ विकणारी पोरे! ‘आफ्रिकी आणि अरब लोकांच्या वस्तीत तू राहायचे नाहीस,’ असे मी म्हणाले, तेव्हापासून तिने अबोला धरला आहे. माझे माहेर लालबागचे, मी भित्री नाही. तिला अडवू का?»
— एक आई, डोंबिवली

ताई, तिला अडवू नका. तुमची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सँ-दनी ज्या जिल्ह्यात येते तो फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील सर्वांत गरीब जिल्हा आहे आणि तिथल्या काही वसाहतींत अमली पदार्थांचा व्यापार खरोखरच चालतो. मात्र मुलीने अबोला धरला तो तुमच्या काळजीमुळे नसावा, वस्तीविषयीच्या त्या एका वाक्यामुळे असावा.

तुम्ही पाहिलेले चित्रपट शेजाऱ्यांपासून सावध राहायला सांगत नाहीत. १९९३ मध्ये पॅरिसच्या पोलीस ठाण्यात एका सतरा वर्षांच्या मुलाचा गोळी लागून मृत्यू झाला, त्या संतापातून दिग्दर्शक मात्यू कासोवित्झ यांनी ‘ला एन’ (१९९५) लिहायला घेतला. त्यातले तीन जिवलग मित्र ज्यू, अरब आणि कृष्णवर्णीय आहेत, आणि खरी दरी आहे ती वसाहत व पोलीस यांच्यात. ‘ले मिझेराब्ल’ (२०१९) करणारे लाज ली स्वतः माँफर्मेय या उपनगरातल्या वसाहतीत वाढले. त्यांच्या चित्रपटात पोलिसाच्या रबरी गोळीने एक मुलगा जखमी होतो आणि त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी ते पोलीस त्या प्रसंगाचे ड्रोनने झालेले चित्रण शोधत फिरतात. शेवटची जाळपोळ त्यातून पेटते. शेजारच्याच क्लिशी-सू-ब्वा येथे २००५ च्या ऑक्टोबरात पोलिसांपासून लपायला विजेच्या उपकेंद्रात शिरलेली दोन मुले दगावली होती आणि त्यानंतर देशभर तीन आठवडे दंगली उसळल्या, हे ठाऊक असले की तो संताप परका वाटत नाही. ‘दीपन’ (२०१५) मात्र त्या वसाहतींबाहेरच्या दिग्दर्शकाचा आहे आणि अखेरीस टोळीयुद्धाच्या थराराकडे झुकतो. तुमची झोप बहुधा त्यानेच उडवली.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातली किती तरुण मुले टोळ्यांकडे ओढली गेली, हे तुम्ही माहेरी पाहिले असेल. त्याच चाळींत मुली शिकत होत्या, नोकरीवरून रात्री घरी येत होत्या, शेजारी त्यांची वाट पाहत होते. मुंबईवरचे गुन्हेपट पाहून कोणी लालबागच्या माणसांविषयी तुमच्यासारखे वाक्य बोलले असते, तर तुम्हांला ते किती लागले असते! तिकडे तुमची मुलगीही परक्या वर्णाची, परक्या भाषेची नवखी भाडेकरू असणार आहे. ज्यांना टाळायला तुम्ही सांगता, त्यांच्याच मुली तिच्या वर्गात असतील, आणि आजारपणात दार ठोठावायचे तर त्यांचेच ठोठावावे लागेल.

म्हणून आधी त्या वाक्याबद्दल तिच्याशी बोला आणि ते मागे घ्या. काळजी मात्र मागे घेऊ नका, ती नेमक्या प्रश्नांत मांडा. विद्यापीठ मेट्रोच्या १३ क्रमांकाच्या मार्गावरील शेवटच्या स्थानकालगत आहे; खोली तिथून चालत किती लांब, रात्री तो रस्ता वाहता असतो का, विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळू शकते का, हे तिला विचारा. आपल्याकडचा ११२ हाच आपत्कालीन क्रमांक तिकडेही चालतो, तेवढे तिला सांगून ठेवा. आणि भाडेकरारावर सही करण्यापूर्वी तिने ती जागा एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर, कोणाला तरी सोबत घेऊन, स्वतः पाहावी, एवढी अट घालण्याचा आई म्हणून तुम्हांला पूर्ण अधिकार आहे.