वाचकांचे प्रश्न : आपले काम आपणच जोखताना

प्रश्न : कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी आठवीला मराठी शिकवते. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे यंदा मुलांना आपापल्या निबंधाला दहापैकी गुण द्यायला लावले. चांगले लिहिणाऱ्या मुलींनी सहा-सात घेतले आणि ज्यांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत त्यांनी बिनदिक्कत नऊ. मुख्याध्यापक विचारतात, हे गुण एफएमध्ये (फॉर्मेटिव्ह असेसमेंट, म्हणजे वर्ग चालू असताना होणारे आकारिक मूल्यमापन) धरायचे का? मला तर हा सगळा खटाटोपच निरर्थक वाटू लागला आहे.
— एक शिक्षिका

उत्तर : मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : धरू नयेत. मुलाने स्वतःला दिलेला गुण एकदा का निकालपत्रकात गेला की त्याचे मूल्यमापन संपते आणि घासाघीस सुरू होते.

आपल्या वर्गात जे घडले त्यात मुलांची लबाडी कमी आणि विचारलेल्या प्रश्नाचा दोष अधिक आहे. चांगला निबंध कशाला म्हणतात हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने आपल्या निबंधाला गुण द्यायचे तरी कशाच्या आधारावर? ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये नेमकी हीच गोष्ट मांडली. विद्यार्थ्याला अपेक्षित दर्जाची कल्पना असावी लागते, आपले काम त्या दर्जाशी ताडून पाहता यावे लागते आणि दोन्हींतले अंतर कमी करण्यासाठी काहीतरी करता यावे लागते. या तीन गोष्टी जमल्याशिवाय सुधारणा होत नाही. प्रशिक्षणवर्गांत बहुधा पहिली आणि तिसरी गोष्ट वगळून मधलीच तेवढी करायला सांगतात, म्हणून मुले अंदाजपंचे आकडे लिहितात.

तेव्हा सुरुवात गुणांपासून न करता नमुन्यांपासून करावी. मागच्या वर्षीचे तीन निबंध नावे झाकून घ्यावेत आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवावेत. समजा, विषय पावसाळ्याचा आहे. एकाने लिहिले आहे, ‘पावसाळा हा सर्वांचा आवडता ऋतू आहे, सगळीकडे आनंदीआनंद असतो.’ दुसऱ्याने लिहिले आहे, ‘आमच्या ओढ्याला पाणी चढले की पलीकडच्या वाडीची मुले शाळेला येत नाहीत आणि सर हजेरी मांडताना खिडकीतून ओढ्याकडे बघतात.’ कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस पाहिलेल्या मुलांना यातले कोणते वाक्य खरे पावसाचे आहे हे सांगायला शिक्षक लागत नाही. ते चांगले का आहे हे मात्र त्यांच्या तोंडून वदवून घ्यावे लागते. मुले जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे. ‘स्वतः बघितलेले लिहिले आहे’, ‘एकच गोष्ट परत परत नाही’, ‘पुढचे वाक्य मागच्याला धरून आहे’ अशा तीन-चार कसोट्या निघाल्या तरी पुष्कळ झाल्या. छापील कसोट्यांचा तक्ता वाटण्यापेक्षा हा उशीर परवडतो.

मग मुलाला आपला निबंध परत द्यावा आणि दहापैकी किती असे न विचारता, स्वतः पाहिलेली गोष्ट कुठे लिहिली आहे तिथे पेन्सिलीने रेघ ओढायला सांगावी. ज्याला रेघ ओढायला जागाच सापडत नाही, त्याला काय कमी आहे ते कळलेले असते. नंतर आपण दुसऱ्या रंगाने रेघा ओढाव्यात आणि जिथे त्याची व आपली रेघ जुळत नाही तिथेच दोन मिनिटे थांबून बोलावे. त्यानंतर एक तरी परिच्छेद त्याच वहीत पुन्हा लिहून घ्यावा; पुढच्या निबंधाच्या वेळी बघू, असे म्हटले की सगळे वाहून जाते.

वहीवर शेरा आणि गुण दोन्ही एकदम देऊ नयेत, असेही सुचवावेसे वाटते. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुले पुढच्या कामात सुधारली, पण शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तसा लाभ झाला नाही. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो! आपल्याकडे वर्षभरात चार एफए आणि दोन एसए (समेटिव्ह असेसमेंट, म्हणजे सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन) असतात, त्यामुळे आकडे कुठेतरी लिहावेच लागणार. पण एफएच्या उपक्रमातला पहिला खर्डा गुणांविना ठेवायला कुणाची हरकत नसावी. दहावीला प्रथम भाषेच्या १२५ गुणांपैकी १०० लेखी परीक्षेचे असतात आणि तिथे उत्तरपत्रिका देण्यापूर्वी आपले उत्तर आपणच तपासणारा विद्यार्थी फायद्यातच राहतो, हे मुख्याध्यापकांना सांगून पाहावे.

एक गोष्ट आपल्या भागापुरती. आपल्याकडे मूल घरी मराठी किंवा कोकणी बोलते, बाजारात कन्नड ऐकते आणि शाळेत कन्नड विषय म्हणून शिकते. आपल्या शाळेतील कन्नडच्या शिक्षकांना हीच रीत वापरायची असेल, तर मुलांनी लिहावे कन्नडमध्ये, पण आपले कुठे अडले हे मराठीत सांगू द्यावे. नाहीतर अडलेले सांगण्यासाठीच मुलाकडे शब्द नसतात आणि आपण त्याला काहीच अडत नाही असे समजतो.

प्रश्न : मी बेळगावात उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. दर मार्चला कामगारांकडून स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म भरून घेतात. पाचपैकी सगळेच चार लिहितात. हे सुधारावे कसे?

उत्तर : ज्या फॉर्मवर पगारवाढ ठरते, त्यावर चार लिहिणे हा शहाणपणा आहे, तीन लिहून स्वतःचे नुकसान कोण करून घेईल? पगारवाढीचा फॉर्म वेगळा आणि शिकण्यासाठीची नोंद वेगळी, एवढे आधी व्यवस्थापनाकडून मान्य करून घ्या.

नोंदीसाठी नवे काही आणायला नको. ऑपरेटरने यंत्रावरून जॉब (घडवलेला भाग) उतरवल्यावर व्हर्नियर किंवा मायक्रोमीटरने स्वतः माप घेऊन जॉब कार्डवर लिहावे, इन्स्पेक्शनचे माप त्याच ओळीत शेजारी यावे आणि आठवड्याने दोघांनी मिळून फरक पाहावा. फरक नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर उपकरण किंवा हाताचा दाब तपासावा. कधी इकडे, कधी तिकडे पडत असेल तर मोजण्याची पद्धत पुन्हा शिकवावी. बाहेरच्या मापाशी ताडून न पाहता केवळ मनाने केलेला अंदाज शिकल्यासवरलेल्यांचाही चुकतो. डॉक्टरांनी स्वतःबद्दल केलेले मूल्यमापन आणि त्यांचे प्रत्यक्ष कौशल्य यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये घेतला गेला, तेव्हा बहुतेक तुलनांमध्ये दोहोंचा मेळ फारसा बसत नव्हता, आणि सर्वांत कमी कौशल्य असलेल्यांचे व सर्वांत जास्त आत्मविश्वास असलेल्यांचे अंदाज सर्वाधिक चुकलेले आढळले. आपले कामगार त्या मानाने सुदैवी आहेत. त्यांच्या हाताशी मायक्रोमीटर तरी आहे.

नोंदवहीतला फरक कुणाला मेमो देण्यासाठी वापरला गेला, तर पुढच्या आठवड्यापासून ऑपरेटर इन्स्पेक्शनचेच आकडे उतरवून घेतील, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. प्रत्येक चाचणीनंतर ‘पेपर सोपा गेला’ म्हणते आणि गुण कमी पडतात. ती खोटे बोलते का?
— एक पालक, निपाणी

उत्तर : बहुधा नाही. वही पुन्हा पुन्हा वाचली की मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे झाले म्हणजे येते, असे वाटू लागते. वही मिटवून उत्तर लिहायला सांगा, मग तिनेच वही उघडून सुटलेले मुद्दे लाल पेनाने भरावेत. पुढच्या चाचणीहून आल्यावर प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नासमोर किती गुण मिळतील ते तिला लिहू द्या आणि पेपर हाती आला की दोन्ही आकडे तिच्याकडूनच ताडून घ्या. त्या वेळी आपण काही बोलला नाहीत तर अधिक बरे.