जुन्या एचिंगमध्ये एकाच काळ्या शाईतून उजेड कसा दिसतो?

शाई एकच, तीही काळी. मग सतराव्या शतकातल्या डच एचिंगमध्ये उजेड येतो कुठून, असं तुम्ही विचारलंय. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून त्यावरून कागदावर छापलेलं चित्र. उजेड म्हणजे तिथे राखलेला कोरा कागद. चित्रकार काढतो ती फक्त सावली. ती किती गडद होणार हे रेषेच्या खोलीवर आणि दोन रेषांमधल्या अंतरावर ठरतं.

डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६३५ सालचं पॅनकेकवालीचं एचिंग बघा. आकार जेमतेम ११ × ८ सेंटिमीटर. मधोमध म्हातारी पॅनकेक भाजत बसलीय, भोवती पोरांचा गराडा. तिच्या टोपीवर आणि कपड्यांवर तिरप्या रेषांची दाट जाळी आहे. मागची मंडळी मोजक्या, हलक्या रेषांत उरकली आहेत, म्हणून ती उजेडात वाटतात. पुढे जमिनीवर एक लहानगं आपला पॅनकेक कुत्र्यापासून वाचवायला धडपडतंय. माझ्या मते चित्राचा जीव त्या पोरात आहे: रेषा भरभर ओढलेली, कुठे तुटलेली, पण आकांत पुरेपूर पोचतो.

ही मोकळी रेषा तंत्रामुळे साधते. तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ थर देतात, तो धुरावर काळा करतात आणि सुईने तो थर खरवडत चित्र काढतात. धातू कोरायचा नसल्यामुळे हात कागदावर चालावा तसा चालतो. उघडं पडलेलं तांबं खायचं काम आम्ल करतं. फिकट हव्या त्या रेषा थोड्या वेळाने वॉर्निशने झाकायच्या आणि बाकीच्या पुन्हा आम्लात सोडायच्या. जाळी फार दाट झाली की रेषांमधला थर सुटतो, आम्ल सगळीकडे शिरतं आणि सावलीच्या जागी राखाडी डाग उरतो. छापताना पत्र्यावर शाई लावून वरून पुसतात, म्हणजे ती खाचांतच उरते. इथेही सांभाळावं लागतं. पत्रा जास्त पुसला तर खाचेतली शाई निघून येते आणि रेषा तुटक छापली जाते. कमी पुसला तर उजेडाच्या जागा मळतात.

बघताना दहापट भिंग घ्या आणि आधी सावल्या तपासा. तांबं मऊ असल्यामुळे प्रत्येक छपाईला थोडं झिजतं आणि आधी बारीक रेषा जातात. म्हणून उशिरा छापलेल्या प्रतीत मधल्या छटा गायब होऊन नुसते काळे-पांढरे तुकडे दिसतात. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियमच्या संकेतस्थळावर रेम्ब्रांटच्या एचिंगच्या मोठ्या प्रतिमा फुकट मिळतात. एकाच एचिंगच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर हा फरक लगेच कळेल.