एफएसएमध्ये वर्षाला किती रक्कम वळती करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी करता, पत्नी एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) आहेत, मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाच्या सोयी निवडण्याची मुदत, संपायला दोन आठवडे उरले आहेत. २०२६ च्या हेल्थ केअर एफएसएसाठी, म्हणजे वैद्यकीय खर्चाकरिता कर लागण्याआधी पगारातून पैसे बाजूला ठेवण्याच्या कंपनीच्या सोयीसाठी, एक सहकारी कमाल मर्यादेइतके पूर्ण ३,४०० डॉलर लिहायला सांगतो, कारण कर वाचतो. दुसरा म्हणतो की त्या वाटेलाच जाऊ नका, कारण उरलेले पैसे बुडतात. दोघेही खरे बोलत आहेत. मात्र दोघांपैकी कोणीही तुमच्या घरचा खर्च मांडून पाहिलेला नाही, आणि आकडा तिथूनच यायला हवा.

आधी कराचा भाग पाहू. एफएसएची रक्कम पगारातून संघीय प्राप्तिकर, ६.२% सोशल सिक्युरिटी आणि १.४५% मेडिकेअर हे तिन्ही कर लागू होण्यापूर्वीच वजा होते. तुमच्या उत्पन्नाचा वरचा भाग २२ टक्क्यांच्या टप्प्यात येतो असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे एकूण बचत २९.६५% झाली. न्यू जर्सी मात्र राज्याच्या प्राप्तिकरात ही सूट देत नाही. त्यामुळे एखादा ऑनलाइन कॅल्क्युलेटर राज्याचा कर धरून याहून मोठी बचत दाखवत असेल, तर तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. १,००० डॉलर वळते केल्यास वर्षभरात हाती येणारा पगार सुमारे ७०४ डॉलरने कमी होतो, असे धरून पुढे जाऊ.

यावरून अनेकजण असा निष्कर्ष काढतात की हजारापैकी ७०४ डॉलर वापरले गेले तरी तोटा नाही, तेव्हा निर्धास्तपणे मोठा आकडा लिहावा. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. तुमचा खर्च खरोखर ७०४ डॉलरच होणार असेल आणि तुम्ही तेवढेच लिहिले, तर सुमारे २०९ डॉलर कर वाचतो. हजार लिहून २९६ डॉलर बुडू दिले, तर ती सगळी बचत गेली आणि हाती काहीच उरले नाही. म्हणून एकूण रकमेकडे न पाहता वाढवलेल्या प्रत्येक शंभर डॉलरला वेगळा प्रश्न विचारावा: हे शंभर डॉलर वापरले जाण्याची खात्री दहात सातपेक्षा जास्त आहे का? असेल तर लिहावेत, नसेल तर तिथे थांबावे. तुमच्यापेक्षा वरच्या किंवा खालच्या कर टप्प्यात असलेल्यांसाठी ही सीमा थोडी सरकेल, पण विचाराची पद्धत हीच राहते.

ही सीमा किती कठोर धरायची, हे तुमच्या कंपनीच्या एफएसए प्लॅनवर अवलंबून आहे. वर्षअखेर उरलेले पैसे जातात हा मूळ नियम आहे. २००५ मध्ये आयआरएसने (संघीय कर खात्याने) कंपन्यांना अडीच महिन्यांचा ग्रेस पीरियड देण्याची मुभा दिली आणि २०१३ मध्ये ठरावीक रक्कम पुढच्या वर्षात नेण्याची, म्हणजे कॅरीओव्हरची, मुभा दिली. प्लॅनमध्ये या दोन्हींपैकी एकच सोय असू शकते, आणि कंपनीने काहीच न देण्याचे ठरवले तर तेही नियमात बसते. २०२६ मधून २०२७ मध्ये जास्तीत जास्त ६८० डॉलर नेता येतात, पण कंपनी त्याहून कमी मर्यादा ठेवू शकते. ग्रेस पीरियड असेल तर १५ मार्च २०२७ पर्यंत झालेला खर्च चालेल. याखेरीज रन-आउट पीरियड नावाची मुदत असते आणि तिच्यामुळे फार गोंधळ होतो. ती केवळ जुन्या वर्षातील खर्चाचे कागद पाठवण्यासाठी असते. त्या काळात नव्याने केलेला खर्च जुन्या पैशांतून मिळत नाही. एचआरकडे तोंडी विचारण्यापेक्षा प्लॅनचा सारांश मागून घ्या आणि हे तिन्ही मुद्दे त्यात स्वतः वाचा.

आता तुमचा खर्च. पत्नीच्या थायरॉइडच्या गोळ्यांचा कोपे (दर वेळी स्वतः भरायची ठरावीक रक्कम) महिन्याला १५ डॉलर, म्हणजे वर्षाला १८० डॉलर. त्यासाठीच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या तीन भेटी प्रत्येकी ४० डॉलरप्रमाणे १२० डॉलर. दोघांचे नवे चष्मे, इन्शुरन्सचा वाटा वजा करून, ३५० डॉलर. तुमच्या दाताच्या क्राउनमधील (दातावर बसवायच्या टोपीतील) स्वतःचा हिस्सा दंतवैद्यांनी ६०० डॉलर सांगितला आहे. बेरीज १,२५० डॉलर होते. ही रक्कम ठरलेली आहे, ती लिहायलाच हवी. मुलाची वार्षिक तपासणी प्रतिबंधक सेवेत येत असल्याने इन्शुरन्सच्या नेटवर्कमधील डॉक्टरांकडे तिचा खर्च सहसा शून्य असतो, म्हणून मी ती धरलेली नाही. सर्दीतापाची औषधे, पॅरासिटामॉल, सॅनिटरी पॅड, एसपीएफ १५ किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन अशा वस्तूही चालतात. पहिल्या तीन २०२० च्या केअर्स कायद्यापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चालू लागल्या, आणि त्यांत एखाद्या कुटुंबाचे शंभरेक डॉलर सहज जातात. इन्शुरन्सचा हप्ता, टूथपेस्ट, दात पांढरे करून घेणे, सर्वसाधारण तब्येतीसाठीची जीवनसत्त्वे आणि जिमचे शुल्क यांतले काहीही यात बसत नाही.

मुलाच्या ब्रेसेसचा मुद्दा सर्वांत मोठा आहे आणि तो अंदाजावर सोडू नये. दात सरळ करण्याच्या उपचाराला एफएसएच्या नियमांत थोडी वेगळी वागणूक मिळते. इतर बाबतींत सेवा ज्या दिवशी मिळाली ती तारीख महत्त्वाची असते, बिल केव्हा भरले ते नव्हे; इथे मात्र उपचार सुरू करण्यासाठी आगाऊ भरावी लागणारी रक्कम भरल्याच्या वर्षात मागता येते. त्यामुळे सुरुवातीची रक्कम २०२६ मध्ये आणि पुढचे हप्ते २०२७ मध्ये अशी विभागणी करून दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. म्हणून एनरोलमेंट बंद होण्याआधीच ऑर्थोडॉन्टिस्टची वेळ घ्या आणि उपचार २०२६ मध्ये सुरू होणार का, इन्शुरन्स किती देईल व पहिली रक्कम किती, हे लेखी घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला अनेकदा अजून थांबायला सांगितले जाते, आणि तसे झाले तर ‘बहुतेक लागतील’ या भरवशावर लिहिलेले दोन हजार डॉलर अडकून पडतात. एकदा वर्ष सुरू झाले की आकडा बदलता येत नाही. त्यासाठी लग्न, घटस्फोट, मूल जन्मणे, नोकरीत बदल अशी मान्य घटना घडावी लागते.

उन्हाळ्यात सांगलीहून येणाऱ्या तुमच्या आईंचा खर्च यातून करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. तो धरू नका. एफएसए तुम्ही, पती किंवा पत्नी, वर्षअखेरीस २७ वर्षे पूर्ण न झालेली मुले आणि कराच्या दृष्टीने तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी आहे. आईवडिलांचा सगळा खर्च आपण करत असलो तरी, अवलंबून ठरण्यासाठी ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा कराच्या व्याख्येनुसार रहिवासी असावी लागते, अथवा कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. काही महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले पालक सहसा त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रवासी विमा वेगळा घ्या आणि तो खर्च एफएसएच्या हिशेबाबाहेर ठेवा.

याउलट, तुम्ही स्वतः पुण्यात किंवा सांगलीत दाताचे काम करून घेतले तर तो खर्च मागता येतो, कारण उपचार अमेरिकेतच व्हावा अशी अट नाही. दवाखान्याच्या छापील कागदावर रुग्णाचे नाव, तारीख, नेमका कोणता उपचार आणि किती रुपये हे इंग्रजीत लिहून घ्या, पैसे स्वतः भरा आणि परतल्यावर क्लेम करा. औषधांची गोष्ट निराळी आहे: भारतातून येताना बॅगेत आणलेली औषधे चालत नाहीत.

नोकरीच्या अनिश्चिततेचा विचार करताना एक नियम नीट समजून घ्यावा. तुम्ही वर्षासाठी १,५०० डॉलर लिहिले, तर पगारातून कपात हळूहळू होत असली तरी पूर्ण १,५०० डॉलर पहिल्या दिवसापासून वापरता येतात, आणि ते वापरून तुम्ही मार्चमध्ये नोकरी सोडली तरी उरलेली कपात कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. पण न वापरता नोकरी गेली, तर शेवटच्या दिवसानंतरचा खर्च सहसा मिळत नाही आणि कापलेले पैसे कंपनीकडे राहतात. एच-१बीवर नोकरी गेल्यास नवी शोधायला साठच दिवस मिळतात, त्या धावपळीत एफएसए कोणाच्या लक्षात राहणार! म्हणून क्राउन आणि चष्मे जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून घ्या. कॅरीओव्हरही तुम्ही त्याच कंपनीत असाल तरच उपयोगी पडतो, हे विसरू नका.

तुम्ही इन्शुरन्स प्लॅन अजून निवडलेला नाही असे लिहिले आहे, म्हणून एक इशारा. जास्त डिडक्टिबलचा (इन्शुरन्सने पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम मोठी असलेला) प्लॅन आणि त्यासोबतचे एचएसए हे करसवलतीचे आरोग्य बचत खाते घेणार असाल तर नेहमीचा एफएसए घेऊ नका, कारण त्यामुळे एचएसएमध्ये पैसे भरण्याचा हक्क जातो. अशा वेळी केवळ दात आणि डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए कंपनी देत असेल तर तो घ्या. तुमच्या यादीतील क्राउन आणि चष्मे त्यात बसतील, थायरॉइडचा खर्च मात्र एचएसएमधून करावा लागेल.

नेहमीचा एफएसए घेणार असाल आणि प्लॅनमध्ये कॅरीओव्हर असेल, तर मी तुमच्या जागी १,५०० डॉलर लिहीन: १,२५० डॉलर ठरलेले, शंभरेक डॉलर औषधांच्या दुकानातले, आणि उरलेले एखाद्या अचानक आलेल्या आजारपणासाठी, जे लागले नाहीत तरी २०२७ मध्ये वापरता येतील. कॅरीओव्हर आणि ग्रेस पीरियड दोन्ही नसतील तर १,३५० वर थांबा. ब्रेसेस २०२६ मध्येच सुरू होणार असल्याचे लेखी मिळाले, तर पहिल्या वर्षी भरायची रक्कम या आकड्यात मिळवा आणि बेरीज ३,४०० च्या वर गेली तर ३,४०० लिहा. ऑर्थोडॉन्टिस्ट काय म्हणतात आणि प्लॅनमध्ये कोणती सोय आहे ते कळले की इथेच लिहा, मुदतीच्या आत आकडा पुन्हा तपासून पाहू.