तीन हजार पौंडांचा 'बूट्स! बूट्स!'

तुमचा प्रश्न असा आहे की १९३०च्या दशकातले स्वस्तातले ब्रिटिश विनोदी बोलपट, ज्यांना 'कोटा क्विकी' म्हणून हिणवलं जातं, ते आज बघण्यासारखे आहेत का, आणि असतील तर सुरुवात कुठून करावी.

आहेत. सुरुवात 'बूट्स! बूट्स!' (१९३४) पासून करा.

आधी त्या हिणवण्याबद्दल. १९२०च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमधल्या थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांत ब्रिटिश चित्रपट जेमतेम पाच टक्के उरले होते, बाकी बहुतेक सगळा माल अमेरिकेचा. म्हणून १९२७ साली कायदा झाला. वितरक आणि थिएटरवाले, दोघांनीही ठरावीक वाटा ब्रिटिश चित्रपटांना द्यायचा, आणि तो वाटा वर्षागणिक वाढत जाणार. अमेरिकन कंपन्यांनी यातून पळवाट काढली. स्थानिक निर्मात्याला फुटाला एक पौंड या दराने चित्रपट करून मागायचा. सहा हजार फुटांचा, तासाभराचा चित्रपट सहा हजार पौंडांत तयार, आणि कोटा भरला. चित्रपट कसा निघाला याची कोणाला फिकीर नव्हती.

'बूट्स! बूट्स!' मात्र अमेरिकन पैशाचा नव्हे. तो मँचेस्टरच्या जॉन ब्लेकलीने काढला, तोही त्या सहा हजारांच्या निम्म्यात, म्हणजे तीन हजार पौंडांत. लंडनच्या ऑल्बनी स्ट्रीटवर टॅक्सींच्या गॅरेजच्या माळ्यावर एका खोलीचा स्टुडिओ होता. तिथे दोन आठवड्यांत चित्रीकरण उरकलं. प्रकाशयोजना वाईट आहे, आवाज घुमतो, सेट कधी कोसळेल याची धाकधूक वाटते. हे मी झाकून ठेवत नाही, पहिल्या दहा मिनिटांत तुम्हालाही दिसेलच.

गोष्टही एवढीशी. जॉन विली हा हॉटेलातला 'बूट्स', म्हणजे पाहुण्यांचे बूट पुसणारा पोऱ्या. तो सगळीकडे घोळ घालतो, भांडी घासणाऱ्या स्नूकीशी त्याचं सूत जमतं, आणि शेवटी हॉटेलच्याच कॅबरेत दोघं रंगमंचावर उभी राहतात. जॉन विली झालाय जॉर्ज फॉर्म्बी आणि स्नूकी त्याची खरी बायको बेरिल, जी मुळात लाकडी तळाच्या बुटांवर ठेका धरून नाचणारी नर्तकी. लँकशर आपल्याला कापडामुळे ठाऊक आहे. असे बूट तिथल्या गिरणी कामगारांच्या पायात असायचे, नाचही तिथलाच. जॉन विली हे पात्र जॉर्जच्या वडिलांचं. ते म्युझिक हॉलचे (म्हणजे गाणी, नाच आणि विनोदी नकलांचे कार्यक्रम होणाऱ्या ब्रिटिश थिएटरांचे) मोठे विनोदी नट होते. १९२१ साली ते गेले आणि घोड्यांच्या शर्यतीत जॉकी असलेला मुलगा त्यांचंच सोंग घेऊन रंगमंचावर आला.

आता माझा खरा मुद्दा. कॅमेरा हलवायला वेळ नव्हता, पैसा नव्हता आणि जागाही नव्हती. त्यामुळे तो खिळल्यासारखा उभा राहतो आणि समोर फॉर्म्बी 'व्हाय डोन्ट विमेन लाइक मी' हे गाणं म्हणतो. चांगल्या स्टुडिओत याचे दहा तुकडे झाले असते. मध्ये बायकांचे हसरे चेहरे आले असते, कुठे खिडकीबाहेरचं दृश्य आलं असतं. इथे त्याची बोटं बँज्युलेलेवर (म्हणजे बँजोच्या अंगाची युकुलेली) कशी धावतात, चावट ओळीआधी तो भाबडं तोंड करून क्षणभर कसा थांबतो, हे सलग बघायला मिळतं. म्युझिक हॉलच्या प्रेक्षकाला तिकीट काढून जे दिसायचं, जवळजवळ तेच. मला हा प्रसंग त्या काळातल्या कितीतरी श्रीमंत चित्रपटांपेक्षा मोलाचा वाटतो. म्युझिक हॉल संपले. त्यांतल्या बहुतेक कलावंतांचा असा सलग तुकडा मागे राहिलेला नाही.

चित्रपट उत्तर इंग्लंडमध्ये जोरात चालला. लगेच पुढच्या वर्षी ईलिंग स्टुडिओत फॉर्म्बीचा 'नो लिमिट' तयार झाला आणि काही वर्षांत तो ब्रिटनमधला सर्वांत लोकप्रिय नट ठरला. ब्लेकलीने पुढे १९४७ साली मँचेस्टरच्या डिकेन्सन रोडवर एका जुन्या चर्चमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. ती इमारत नंतर बीबीसीने घेतली आणि 'टॉप ऑफ द पॉप्स' या पॉप गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचा पहिला भाग १ जानेवारी १९६४ रोजी तिथूनच गेला.

बघताना एक काळजी घ्या. याची बरीच कापलेली प्रतही फिरते, ती टाळा. ऐंशी मिनिटांच्या आसपासची प्रत शोधा. तिच्यात बेटी ड्रायव्हर या लहान मुलीचं गाणं आणि नाच आहे. बेरिलच्या हट्टापायी तो तुकडा मूळ चित्रपटातून काढला होता आणि कित्येक दशकं तो हरवलेलाच होता. हीच बेटी पुढे 'कोरोनेशन स्ट्रीट' या टीव्ही मालिकेतून घराघरांत पोचली.

गोडी लागली तर दुसरा 'हॉटेल स्प्लेंडिड' (१९३२) बघा. तासाभराच्याही आतला आहे. तो मायकेल पॉवेलचा, म्हणजे ज्याने पुढे 'द रेड शूज' केला त्याचा. त्याने अशा वीसेक क्विकी केल्या आणि धंदा तिथेच शिकला. त्यातल्या कित्येक आज कुठेच सापडत नाहीत. त्याचा पहिला 'टू क्राउडेड अवर्स'सुद्धा नाही. म्हणून जे उरलंय ते बघून घ्या. 'बूट्स! बूट्स!' बघताना हेडफोन लावा, लँकशरी उच्चार आणि तो घुमणारा आवाज एकत्र आले की शब्द निसटतात.