मॅक्रॉकेनिया उंटाच्या कुळातला होता का?

नाही, मॅक्रॉकेनिया हा दक्षिण अमेरिकेतला, आता नामशेष झालेला खुरांचा सस्तन प्राणी, आणि उंटाशी त्याचं जवळचं नातं नाही. पण हा घोळ जुना आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात कोणाची चूक नव्हती. १८३४ मध्ये डार्विनला पॅटागोनियात (दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक) पोर्ट सॅन ज्युलियनला याची हाडं सापडली, त्याने ती इंग्लंडला नेली आणि प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यासक रिचर्ड ओवेनने १८३८ मध्ये नाव दिलं. मानेचे मणके लांबच लांब, त्यातून रक्तवाहिनी जाण्याची वाटसुद्धा उंट-लामासारखी, मग ओवेनला वाटलं हा लामाचाच कोणीतरी भाऊबंद असणार.

पण पाय बघा ना. उंटाला दोन बोटं, याला तीन! त्यात नाकपुड्यांचं भोक कवटीवर पार वर, डोळ्यांच्या मध्ये, म्हणून जुन्या चित्रांत याला छोटी सोंड दाखवतात (मला ती कधीच पटली नाही).

नंतर याला लिटोप्टर्ना या मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या, आता नामशेष झालेल्या खुरांच्या प्राण्यांच्या गटात टाकलं, पण तो गट नेमका कोणाच्या जवळचा हे हाडांवरून काही ठरेना. शेवटी २०१५ मध्ये हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनावरून आणि २०१७ मध्ये चिलीतल्या गुहेत मिळालेल्या हाडाच्या डीएनएवरून निकाल लागला, की घोडा, गेंडा, टॅपिर हे विषमखुरी (पायाला एक किंवा तीन अशी विषम खुरं असलेले) प्राणी याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक. तेही चुलत-चुलतच म्हणा, कारण दोघांच्या वाटा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्यात, म्हणजे डायनासोर गेले त्याच सुमाराला.