मिस्त्रीला विचारा: दोनदा गॅस भरला, दोनदा उडाला

प्रश्न: नमस्कार मामा, माझी दहा टायर गाडी आहे, जालन्यातून सळई भरतो अन् लातूर-नांदेडकडं जातो. मार्चमध्ये रात्री माजलगावच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ब्रेक दाबला तरी टेकलीच. ट्रॉलीचा मागचा हुक जाळीतून आत घुसला अन् एसीचा कन्डेन्सर (गॅस गार करून त्याचा द्रव करणारी जाळी) फुटला, सूंऽऽ करून सगळा गॅस गेला. एका मिस्त्रीनं भोकाला एमसील लावून गॅस भरून दिला, चार दिवस गार. मग भोकाला वेल्डिंगवाल्यासारखा धातूचा टाका मारून घेतला, परत गॅस, आठ दिवस चालला. दोन्ही खेपेला 1800 गेले. आता तोच म्हणतोय कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला. खरंच गेला असंल का? अन् कन्डेन्सर नवा टाकायचा तर सोबत काय काय बदलावं लागतं ते सांगा, कामून की हे लोक यादी लई लांबवतात. (एक ट्रकमालक, परतूर)

उत्तर: भाऊ, आधी कंप्रेसरचं बघू, कारण मोठा खर्च तिथंच आहे. गॅस संपला की प्रेशर स्विच कंप्रेसरचा क्लच लागूच देत नाही, ती त्याची राखणच आहे, म्हणून नुसतं "कंप्रेसर फिरत नाही" एवढ्यावरून तो गेला असं म्हणता येत नाही. इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा, अन् क्लचची पुढची प्लेट हातानं फिरवा. मऊ फिरली, कुठं अडकली नाही, कर्रकर्र वाजली नाही, तर वाचला असायची शक्यता चांगली आहे. एक मात्र त्या मिस्त्रीला नक्की विचारा, की स्विचला वायर टाकून कंप्रेसर डायरेक्ट चालवला होता का. तसं केलं असंल तर काळजी आहे, कारण कंप्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं, गॅस गेला तेव्हा त्यातलं तेलही गेलं, अन् कोरडा चालवला की आतून खरवडतो.

ह्याची खात्री जुना कन्डेन्सर काढल्यावरच होते. पाइपाच्या तोंडात पांढरी चिंधी फिरवून बाहेर काढा. नुसतं तेल लागलं तर काम सोपं आहे. काजळीसारखं काळं आलं अन् त्यात उन्हात धरल्यावर चमकणारे कण दिसले तर मग कंप्रेसरही बदला, एक्सपान्शन व्हॉल्व्हही (केबिनकडं गॅस मोजून सोडणारा) बदला, अन् पाइप फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन घ्या.

आता टाका का टिकला नाही ते. तुमच्या टायरात 110-120 पीएसआय हवा असते, बरोबर? मे महिन्याच्या 42 डिग्रीत टोलला गाडी उभी असताना कन्डेन्सरमध्ये 250 च्या वर प्रेशर जातं. म्हणजे टायरच्या दुप्पट, अन् ते पण कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या नळीत, जिच्यात अजून बारीक बारीक बोळं असतात. तिथं एमसील काय धरणार, अन् टाका मारायचा तर तेल मुरलेल्या धातूवर तो बसतच नाही. मिस्त्रीला हे माहीत नसंल असं मला वाटत नाही, पण गिऱ्हाईक म्हणतं भागवा, म्हणून तोही भागवतो. गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही भाऊ, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेलाच, तेव्हा ती जागा बंद केल्याशिवाय तिसऱ्यांदा भरू नका.

यादी लांब नाहीच. कन्डेन्सर, ड्रायर बॉटल, जेवढे जोड उघडले तेवढे नवे ओरिंग (रबरी कडी), अन् मोजून तेल. ड्रायरवर काटकसर करू नका, त्यातले दाणे ओल शोषतात अन् तुमची लाइन दोन महिन्यांत दोन-तीनदा उघडी पडलीय, ते दाणे केव्हाच भिजले असणार. ओल आत राहिली तर गॅस-तेलात मिसळून ॲसिड होतं, नाहीतर व्हॉल्व्हवर बर्फ धरून एसी चालू-बंद चालू-बंद करत बसतो. काही कन्डेन्सरला ड्रायर बाजूलाच जोडून येतो, तसा असंल तर वेगळा घ्यायची गरज नाही. तेलाचं माप गाडीच्या पुस्तकात असतं, नुसता कन्डेन्सर बदलताना साधारण 30-40 मिली पडतं, पण ग्रेड कंप्रेसरवर लिहिलेलाच घ्या.

काम चालू असताना तिथंच उभं राहा, चहाला जाऊ नका. जोड सोडताना दोन पाने लागतात, एकानं फिटिंग धरायची अन् दुसऱ्यानं नट फिरवायचा, एकाच पान्यानं जोर लावला की ॲल्युमिनियमचा पाइप पिळून निघतो अन् बिल वाढतं. ओरिंगला एसीचंच तेल लावायचं, ग्रीस नाही. नव्या कन्डेन्सरची अन् ड्रायरची टोपणं जोडायच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत. रबरी बुश अन् कडेचा फोम परत बसवून घ्या, फोम नसला की रेडिएटरची गरम हवा फिरून पुढं येते. अन् कन्डेन्सर उघडा आहे तोवर मागचा इंटरकूलर अन् रेडिएटर टॉर्च लावून बघा, हुक तिथवर पोचला असंल तर कूलंटचा वाळका डाग दिसंल.

मग लीक टेस्ट. ही नायट्रोजननं करायची, 150 ते 200 पीएसआय भरून अर्धा तास काटा हलतो का ते बघायचं अन् प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा. शेजारच्या वेल्डिंग दुकानातून ऑक्सिजनचं सिलिंडर ओढून आणणारे महाभाग मी डोळ्यांनी बघितलेत, तसं दिसलं तर गाडी घेऊन निघून या, तेल अन् दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा अन् ओल ओढून काढायची, कमीत कमी अर्धा-पाऊण तास. पाच मिनिटांत पंप बंद करणारा पैसे वाचवत नाही, आत हवा अन् ओल ठेवतो, अन् हवेचा कन्डेन्सरमध्ये द्रव होत नाही म्हणून प्रेशर वाढलेलं राहतं. एक गोष्ट सांगतो, आपला मराठवाडा समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार फूट उंच, तिथं हवेचा दाबच कमी, तेव्हा व्हॅक्यूमच्या गेजवर 29 इंच (पाऱ्याचे) दिसणार नाही, 27-28 ला काटा थांबला तर पंपाला शिव्या घालू नका. पंप बंद केल्यावर काटा जागेवरच राहिला पाहिजे, तेवढं बघा.

गॅस आर-134ए, वजनकाट्यावर ठेवून, बॉनेटखालच्या किंवा केबिनच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच. "पाइप हाताला गार लागला, झालं" असं काम घेऊ नका. स्वस्तातल्या मिक्स गॅसच्या डब्यापासून तर लांबच राहा, त्यात कधी कधी जळणारा गॅस निघतो.

प्रश्न: 2025 पासून ट्रकला एसी कंपल्सरी झालाय म्हणे, माझ्या 2017 च्या गाडीला बसवावा लागंल का? (एक वाचक, केज)

उत्तर: नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांच्या वरच्या मालवाहू गाड्यांना तो नियम आहे, जुन्या गाडीवर सक्ती नाही. हौस म्हणून बसवायचा तर आधी अल्टरनेटर अन् बेल्टची जागा दाखवून घ्या.

प्रश्न: सेलूहून कापूस भरतो. गाडी पळते तोवर केबिन गार, जिनिंगच्या लाइनीत थांबलो की गरम वारं. गॅस भरू का? (एक ड्रायव्हर, सेलू)

उत्तर: थांबा, गॅसला हात लावू नका. पळताना गार अन् थांबल्यावर गरम म्हणजे कन्डेन्सरला हवा मिळत नाही. पुढची जाळी उघडून बघा, कापसाचं तुसं गोधडीसारखं बसलेलं असणार. आधी ब्रशनं वरून खाली अलगद काढा, मग साध्या नळाच्या पाण्यानं, जमलं तर आतून बाहेर. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारू नका, पात्या दुमडल्या की हवा कायमची अडते. एवढं करून पण थांबल्यावर गरमच असंल तर एसी लावून कन्डेन्सरचा फॅन बघा, फिरतोय का, अन् वायरी उलट्या लागून हवा उलटी तर फेकत नाही ना. कागदाचा कपटा जाळीसमोर धरा, आत ओढला गेला पाहिजे.